मानेवाड्याच्या गच्चीवरून एम ५१ चा फोटो: जमेल का?

फेरेवाला | १२ फेब्रुवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. धंद्याने लग्नाचा फोटोग्राफर, राहणार मानेवाडा, नागपूर. पंधरा वर्षं कॅमेरा हातात आहे, त्यामुळे वाटलं होतं की आकाशाचे फोटो म्हणजे आपल्या डाव्या हाताचा खेळ. दिवाळीत एका ओळखीच्याकडून वापरलेली सहा इंची न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण घेतली (७५० मिमी, एफ/५). सोबत ईक्यू३ माउंट (दुर्बीण पेलणारी फिरती बैठक), एका मोटरसह. कॅमेरा जुना १८ मेगापिक्सेलचा डीएसएलआर, लग्नातून रिटायर केलेला.

चंद्र झाला, गुरू झाला. आता एम ५१ ही आकाशगंगा डोक्यात बसली आहे. एकमेकींना बिलगलेल्या दोघी, आणि मोठीचे ते भोवऱ्यासारखे हात. परवा प्रयत्न केला तर फोकसच होईना. फोकसर पार आत ढकलला तरी चांदणी शेवेच्या लाडवाएवढी. त्यात गच्चीच्या उत्तरेला शेजाऱ्यांची पाण्याची टाकी, म्हणजे माउंटचा अक्ष ज्याच्याशी जुळवायचा तो ध्रुव दिसत नाही. आणि वर्धा रोडच्या बाजूने आभाळ रात्रभर पिवळं-पांढरं.

प्रश्न सरळ आहे. हे इथून जमेल का? की आठ इंची घेऊ?

---

तर्रीदार | १२ फेब्रुवारी, रात्री ११:५२

भाऊ, मानेवाड्यातून आमाले समोरच्या गल्लीतला पोहेवाला नाई दिसत धुक्यात, अन् तुमी आकाशगंगा पाहून राह्यले! करा करा. मी खुर्ची टाकून बसलो.

---

निशाचर | १३ फेब्रुवारी, रात्री १२:१५

आठ इंची घेऊ नका. पैसे असतील तर माउंटवर घाला. नळी सगळ्यात शेवटी.

फोकसचा रोग जुना आहे. या दुर्बिणी डोळ्याने बघण्यासाठी बांधलेल्या असतात. डीएसएलआरचा सेन्सर बॉडीच्या आत खोल असतो, टी-रिंग (कॅमेरा जोडायची कडी) धरून ५५ मिमी मागे जातो, आणि प्रतिमा त्याच्या अलीकडेच बनते. उपाय दोन. बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जादा भिंग) लावा, पण मग फोकल लांबी वाढते आणि ट्रॅकिंगची परीक्षा आणखी कडक होते. किंवा मुख्य आरसा त्याच्या स्क्रूंवर दोन-तीन सेंटिमीटर वर सरकवा. लांब स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. मी तेच केलं होतं. नंतर आरसे पुन्हा नीट जुळवावे लागतील, नाहीतर चांदण्यांना शेपट्या फुटतील.

---

खडूस_आजोबा | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

आकाशगंगा एकच. आपली. बाकीच्या साऱ्या दीर्घिका. मराठीत चांगला शब्द असताना लोक का वापरत नाहीत कळत नाही.

दुसरं. हबल दुर्बिणीने या दीर्घिकेचा फोटो काढून ठेवला आहे, फुकट उतरवून घेता येतो. तुम्ही सहा इंचांत त्याहून काय वेगळं करणार?

---

फेरेवाला | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

दीर्घिका. मान्य, काका.

दुसऱ्याचं उत्तर आमच्या धंद्यात आहे. नवरीचे फोटो पार्लरवाली काढते, बहीण काढते, अर्धं वऱ्हाड मोबाइलवर काढतं. तरी मला बोलावतातच.

---

अरुंधती_२१ | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

काका, १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी ७२ इंची धातूच्या आरशाच्या दुर्बिणीतून हीच दीर्घिका पाहिली आणि तिचे वळसे हाताने कागदावर काढले. सर्पिल आकार माणसाला दिसला तो तिथे पहिल्यांदा. त्याआधी फ्रेंच खगोलनिरीक्षक मेसिएने १७७३ मध्ये नोंद केली तेव्हा तो नुसता धूसर डाग होता. आज सहा इंची आरसा आणि जुना कॅमेरा घेऊन मानेवाड्यातला माणूस तेच वळसे टिपू शकतो. मला तरी यात मजा वाटते.

फेरेवाला, आता तुमचं गणित. पृथ्वी फिरते म्हणून आभाळ दर सेकंदाला १५ विकलांपर्यंत सरकतं (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग); एम ५१ ध्रुवाच्या बाजूला, म्हणून तिथे साधारण १०. तुमच्या दुर्बिणीवर त्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साधारण १.२ विकलांचा. म्हणजे मोटर बंद असेल तर एका सेकंदात ती आठ-नऊ पिक्सेल पळाली. घोड्यावरचा नवरदेव तुम्ही एक सेकंदाच्या शटरवर टिपाल का? तसं आहे हे. म्हणून निशाचर म्हणतात ते शंभर टक्के खरं, आधी माउंट. ईक्यू३ डोळ्याने बघायला ठीक, पण ही नळी आणि वर कॅमेरा म्हटलं की बिचारं वाऱ्यानेही हलतं. ईक्यू५ तरी घ्या, दोन्ही अक्षांना मोटर असलेलं. सोबत छोटी गाइड दुर्बीण आणि गाइड कॅमेरा, एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सावरायला.

टाकीचं सांगते. ध्रुव नागपुरात क्षितिजापासून फक्त २१ अंश वर असतो (माझ्या नावातले २१ तेच!), त्यामुळे निम्म्या गच्च्यांवरून तो कुणाच्या तरी टाकीमागेच असतो. 'निना' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात तीन जागांचे फोटो काढून ध्रुव न बघताही अक्ष जुळवता येतो. लॅपटॉप मात्र गच्चीवर न्यावा लागेल.

---

स्वस्तात_मस्त | १३ फेब्रुवारी, दुपारी १:१०

एवढा सगळा खटाटोप कशाला? आता त्या स्मार्ट दुर्बिणी आल्यात, पन्नास मिमीच्या. गच्चीवर ठेवायची, मोबाइलवर 'एम ५१' दाबायचं, खाली जाऊन जेवायचं. वर येईपर्यंत फोटो तयार. माझ्याकडे आहे. ध्रुव नाही, केबल नाही, स्क्रू नाही.

---

पेठेतली_दुर्बीण | १३ फेब्रुवारी, दुपारी २:०२

मग तो फोटो तुम्ही काढला की मोबाइलने?

---

स्वस्तात_मस्त | १३ फेब्रुवारी, दुपारी २:०६

तुमच्या इकडे मिक्सरमध्ये वाटलेली चटणी मिक्सरच्या नावावर लावतात का?

---

तर्रीदार | १३ फेब्रुवारी, दुपारी २:०७

लागली पुणे-नागपूर! आता हा धागा शंभरी गाठते.

---

निशाचर | १३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

दोघंही बरोबर आहात, आता पुढे चला. स्मार्ट दुर्बिणीची फोकल लांबी २५० मिमी आहे. त्यात एम ५१ दिसते, पण एवढीशी. ७५० मिमीवर तीच तिप्पट मोठी. उलट देवयानी (एम ३१) तीन अंशांची, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवावेत एवढी. ती फेरेवाल्यांच्या नळीत मावणारच नाही, त्यांच्या चौकटीची लांब बाजू १.७ अंशांची आहे. देवयानीला छोटी दुर्बीणच बरी.

आभाळाबद्दल. शहरातलं आभाळ प्रति चौरस विकला १८ प्रतीचं धरा, अंधाऱ्या गावातलं २१ चं (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका अंधार जास्त). फरक तीन प्रतींचा, म्हणजे उजेड जवळपास १६ पट. दीर्घिकेचा प्रकाश दोन्हीकडे तेवढाच येतो, पण शहरात त्यावर १६ पट चुना फासलेला असतो. गावातल्या एका तासाची बरोबरी करायला इथे १६ तास लागतील. जमेल का? जमेल. पण रात्री मोजत बसाल.

---

फेरेवाला | १३ फेब्रुवारी, रात्री ११:१५

१६ तास! आणि ते प्रकाश-प्रदूषणाचे फिल्टर मिळतात त्यांचं काय?

---

अरुंधती_२१ | १४ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

दीर्घिकांना फारसा उपयोग नाही. तेजोमेघ, म्हणजे वायूचे चमकते ढग, ठरावीक रंगांतच चमकतात, तेवढे रंग आत घ्यायचे आणि बाकीचे गाळायचे. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची गर्दी, तिच्यात सगळेच रंग. फिल्टर लावलात तर तिलाही कापाल. पूर्वीचे पिवळे सोडियमचे दिवे मोजक्या रंगांत जळायचे, ते थोडे तरी गाळता यायचे. आता सगळीकडे पांढरे एलईडी.

---

कोराडीकर | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

आमच्याकडे तर धुरांड्यांचाही वाटा असतो. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूने वारा असला की उत्तरेचं आभाळ दुधात कालवल्यासारखं, आणि एम ५१ तर सप्तर्षींच्या शेपटाखाली, मरीचीपासून साडेतीन अंशांवर. पाऊस पडून गेल्यावरची रात्र मिळाली तर सोडू नका.

---

फेरेवाला | १४ फेब्रुवारी, दुपारी ४:२२

धुरांडी परवडली. माझ्या गच्चीवरून तीन लॉन दिसतात. लगनसराई आहे, आणि प्रत्येक लॉनवर शार्पी. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: डीजेजवळ लावतात ते आभाळात गोल गोल फिरणारे झोत. काल रात्री अकरापर्यंत मरीचीवर झाडू मारावा तसे फिरत होते.

---

पेठेतली_दुर्बीण | १४ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

आणि त्याच झोतांत नवरा-नवरीच्या एंट्रीचे फोटो कोण काढतं म्हणे?

---

फेरेवाला | १४ फेब्रुवारी, दुपारी ४:३१

😐

---

तर्रीदार | १४ फेब्रुवारी, दुपारी ४:३५

हाणला न बे पुण्याने षटकार! अन् बॉल थेट मरीचीवर.

---

संत्रागोळी | १५ फेब्रुवारी, रात्री ९:००

पेंच कुणी सुचवलं कसं नाही अजून? जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून त्याला मान्यता मिळाली आहे. नागपूरहून दोन-अडीच तास. मी सिल्लारीच्या बाजूला राहून आले. पहिल्या दहा मिनिटांत ढग आले म्हणून हळहळले, नंतर कळलं की तीच आकाशगंगा. (काका, आपली, एकुलती एक.)

फक्त वाटेल तिथे गाडी थांबवून ट्रायपॉड लावू नका. जंगल आहे, रात्री रस्त्याच्या कडेला थांबायचं नसतं. परवानगी असलेल्या जागीच, मुक्काम ठरवून जा.

---

तर्रीदार | १५ फेब्रुवारी, रात्री ९:०४

वाघ मागून येऊन इचारते, "काय हो भाऊ, एक्सपोजर किती ठेवलं?"

---

बसाल्ट | १६ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

थोडं विषयांतर. एम ५१ अडीच-तीन कोटी प्रकाशवर्षं दूर. म्हणजे तुमच्या सेन्सरवर पडणारा प्रकाशाचा कण निघाला तेव्हा सीताबर्डीची टेकडी थंड होऊन केव्हाच बसली होती. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि नागपूर म्हणजे त्या पठाराची पूर्वेची कड. सीताबर्डीएवढा जुना प्रकाश पकडायचा असेल तर कन्या राशीतला दीर्घिकांचा समूहही साडेपाच कोटींवर कमीच पडतो.

---

खडूस_आजोबा | १६ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

हे आवडलं. टेकडी जिंकली म्हणायची.

---

अरुंधती_२१ | १६ फेब्रुवारी, रात्री ८:१५

फेरेवाला, माउंट आला की घाई करू नका. मार्चच्या मध्यात रात्री अकरानंतर एम ५१ चांगली वर आलेली असते, एप्रिलच्या मध्यात मध्यरात्री सगळ्यात उंच. पण एप्रिलमध्ये आपल्या गच्च्या तव्यासारख्या तापतात. सेन्सर पाच-सहा अंशांनी तापला की उष्णतेने त्यात साचणारा खोटा उजेड दुप्पट होतो. म्हणून मार्चच गाठा.

शिवाय हा खोटा उजेड नंतर वजा करायला डार्क फ्रेम घ्यायला विसरू नका: दुर्बिणीवर झाकण लावून, तेवढ्याच वेळाच्या, त्याच रात्री, त्याच गारव्यात. आणि फोटोतला कमी-जास्त उजेड सारखा करायला फ्लॅट: दुर्बिणीच्या तोंडाला पांढरं कापड ताणून, एकसारख्या उजेडात. मी सासऱ्यांचं धुतलेलं उपरणं वापरते. त्यांना अजून माहीत नाही.

---

फेरेवाला | ३ मार्च, रात्री १:५०

अपडेट. ईक्यू५ आला (वापरलेला, बायकोला निम्मीच किंमत सांगितली आहे). आरसा वर सरकवला, फोकस झाला! टाकीमागचा ध्रुव न बघता अक्ष जुळवला, लॅपटॉपवर आकडे कमी होत जाताना बघून लग्नात पंगत वेळेवर उठल्यासारखं बरं वाटलं.

मग शेजारच्या काकू गच्चीवर आल्या. "रात्री दोन-दोनला इकडे नळी लावून काय बघता?" आवाज असा की खाली कुत्री भुंकायला लागली. समजावलं, पटेना. शेवटी त्यांनाच बोलावलं आणि मृगातला तेजोमेघ दाखवायला गेलो तर तो मावळला होता. सप्तर्षींतला वसिष्ठ लावला, दुर्बिणीतून त्याचे दोन दिसतात. काकू म्हणाल्या, "अगं बाई, अरुंधती!" म्हटलं नाही, अरुंधती ती पलीकडची, हा वसिष्ठच आतून जोडीचा आहे. तेव्हापासून त्यांच्या गच्चीवरचा दिवा दहालाच बंद होतो.

फोटो: ३० सेकंदांचे १२०. एक तास. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचले. दोन पांढरे ठिपके आणि भोवती धुकं. वळसे? डोळे बारीक केले तर आहेत, असं मला वाटतं. बायकोला वाटत नाही.

---

निशाचर | ३ मार्च, सकाळी ७:१०

आहेत. मी तुमची फाइल ताणून (अंधारे भाग उजळून) पाहिली. लहान दीर्घिकेकडे जाणारा हात स्पष्ट आहे. चौपट वेळ दिला की दुप्पट स्वच्छ होईल, तेवढाच हिशोब. आणखी तीन तास घाला.

---

खडूस_आजोबा | ३ मार्च, सकाळी ७:४५

एक शंका. फोटोत रंग येतात, डोळ्याला तर करडंच दिसतं. मग रंग खोटे?

---

अरुंधती_२१ | ३ मार्च, सकाळी ८:३०

नाही काका. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. कॅमेऱ्याला कळतात. उलट फेरेवाल्यांच्या कॅमेऱ्यात एक रंग कमीच येईल: हायड्रोजनचा गडद लाल. साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरसमोर काच असते, ती तो बराचसा अडवते, नाहीतर नवरीचे गाल बीटासारखे दिसले असते.

---

फेरेवाला | २४ मार्च, रात्री १०:२०

दुसरं अपडेट. मोठं आहे, चहा घेऊन बसा.

गच्चीवरून अजून तीन रात्री मिळाल्या. पहिला तास धरून एकूण चार. वळसे आता बायकोलाही दिसतात. पार्श्वभूमी मात्र एका कोपऱ्यात उजळ, लॉनच्या बाजूने. निशाचर म्हणाले तसा चुना.

मग गेल्या आठवड्यात दोन मुहूर्तांच्या मधला दिवस रिकामा मिळाला, अमावास्येच्या जवळ. काटोलकडे मामेसासऱ्यांचं संत्र्याचं वावर आहे. दुपारीच गेलो. मामांनी विचारलं, "कायचा फोटो?" दीर्घिकेचा म्हटलं तर म्हणाले, "मंग मोबाइलनं नाई येत काय?" संध्याकाळी पिठलं-भाकरी, ठेचा, आणि नऊला वावरात. ध्रुव तिथे उघडा, बांधावरच्या बोरीच्या वर. सप्तर्षी एवढे मोठे की ओळखायला वेळ लागला, कारण मधले बारीक तारेही दिसत होते.

पहिला पाऊण तास वाया. रानडुकरं येतात म्हणून मामांचा गडी मचाणावर बसतो आणि दर दहा मिनिटांनी बॅटरी चौफेर फिरवतो. बॅटरी म्हणजे शार्पीची धाकटी बहीण. त्याला लाल जिलेटीन लावून दिलं. तो म्हणाला, "डुकरं लाल उजेडाले भेत नाई साहेब." बरोबर होतं. साडेअकराला पश्चिमेकडून खसफस झाली आणि त्याने जिलेटीन फाडून काढलं. त्या पंधरा फ्रेम फेकल्या.

मग उरलं किती? पन्नास मिनिटं. नंतर लगेच दव पडलं आणि आरशावर वाफ धरली, संपलं. निराश होऊन घरी आलो. दोन्ही फोटो शेजारी लावले. पन्नास मिनिटांचा वावरातला, चार तासांचा मानेवाड्यातला.

वावरातला जिंकला. सपशेल. दोघींना जोडणारा तो पूल आहे ना, त्याच्या कडेचा काळा धुळीचा पट्टासुद्धा आला आहे. लहान दीर्घिकेभोवतीचं फिकट विस्कटलेलं धुकं गच्चीवरच्या फोटोत नावालाही नाही.

---

निशाचर | २४ मार्च, रात्री १०:४५

गणित बसलं. तुमच्याकडचे चार तास म्हणजे तिथली पंधरा मिनिटं. तुम्ही पन्नास दिली.

---

संत्रागोळी | २४ मार्च, रात्री १०:५०

सुंदर! तो पट्टा बघून अंगावर काटा आला. पुढच्या वेळी दवासाठी दुर्बिणीला हीटरचा पट्टा गुंडाळा.

---

पेठेतली_दुर्बीण | २४ मार्च, रात्री ११:०५

मनापासून अभिनंदन. (हो, पुण्याहून. जपून ठेवा.)

---

खडूस_आजोबा | २५ मार्च, सकाळी ६:१५

हबलचा फोटो उघडून शेजारी ठेवला. तो अर्थातच सरस आहे. पण त्यात डुकरं नाहीत. मोठा फोटो पाठवा, छापून घेतो.

---

स्वस्तात_मस्त | २५ मार्च, सकाळी ९:३०

माझा स्मार्टवाला तोच फोटो टाकत नाही आता. हसाल.

---

फेरेवाला | २५ मार्च, सकाळी ९:४४

टाका हो. अंधाऱ्या जागी न्या फक्त. मूळ प्रश्नाचं उत्तर मला मिळालं: मानेवाड्यातून जमतं, पण चार तासांत वळसे, धुकं नाही. आठ इंचीचा विचार सोडला, ते पैसे पेट्रोलला.

---

तर्रीदार | २५ मार्च, सकाळी १०:००

अन् शार्पीचं काय झालं भाऊ? ते तं सांगतलंच नाई.

---

फेरेवाला | २५ मार्च, सकाळी १०:२०

काल एका लॉनवर काम होतं. लाइटवाल्या पोराला गच्चीवरचा फोटो मोबाइलवर दाखवला आणि सांगितलं की अकरानंतर झोत जरा स्टेजकडे वाकव, माझं घर त्या बाजूला आहे. त्याने फोटो मोठा करून पाहिला, इकडून तिकडून. म्हणाला, "दादा, यात आपली शार्पी कुठं हाय?"

म्हटलं, ८७व्या फ्रेममध्ये होती, सॉफ्टवेअरने काढून टाकली.

तो थोडा नाराज झाला. पण अकरा वाजता झोत खाली आले.

---

तर्रीदार | २५ मार्च, सकाळी १०:२२

८७वी फ्रेम टाका न इथं. त्याले बी पाहू द्या.